परदेशातली नोकरी : रंगाची बंदी आणि जातीचा वशिला



आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत शिकलेला एक मुलगा काही वर्षांपूर्वी शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडला गेला. निघायच्या आदल्या दिवशी विहारात त्याचा सत्कार झाला. सगळे पांगल्यावर त्याने मला हळूच विचारले, "ताई, तिथं आडनाव विचारत नाहीत ना?" मी हसून म्हणाले, "गोऱ्या माणसाला तुझ्या आडनावावरून काय कळणार?"

माझे उत्तर अर्धेच खरे होते. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधताना त्याला दोन गोष्टी कळल्या. पन्नास अर्ज केले तरी मुलाखतीचे बोलावणे एखाददुसरेच येते, आणि वर्गातल्या गोऱ्या मुलांना मात्र तेवढा वेळ लागत नाही, ही पहिली. दुसरी गोष्ट जास्त जिव्हारी लागणारी होती. तिथल्या भारतीयांच्या ओळखीने छोटीमोठी कामे आणि राहायला जागा मिळते. त्या ओळखीत बसल्यावर तिसऱ्या वाक्याला गाव आणि चौथ्या वाक्याला आडनाव विचारले जाते. एका घरात त्याला खोली मिळाली होती, घरातलाच एक जण त्याच्या कामासाठी शब्द टाकणार होता. खोलीच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लागला आणि आठवड्याभरात खोलीही गेली, शब्दही गेला.

त्याचा फोन आला तेव्हा मला राग आला, पण आश्चर्य वाटले नाही. परक्या देशात काम कोणाला मिळते, कोणाला मिळत नाही आणि का मिळत नाही, याला मोठा इतिहास आहे. ब्रिटनपुरता तो आज आपण पाहू. "मेहनत केली की परदेशात सगळ्यांना सारखी संधी मिळते" आणि "समुद्र ओलांडला की जात सुटते" ही दोन वाक्ये आपल्या पोरांना सर्रास ऐकवली जातात. हा इतिहास या दोन्ही वाक्यांना खोटे ठरवतो.

बाबासाहेबांना व्हिसा कुठे लागला?

सुरुवात बाबासाहेबांपासूनच करू. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. अनोळखी देशात त्यांना वसतिगृहात जागा मिळाली, ग्रंथालय मिळाले, बरोबरीने जेवायला बसणारे मित्र मिळाले. १९१७ मध्ये ते करारानुसार बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला आले. तिथे नोकरी ठरलेली होती, पदवी हातात होती, महाराजांचा पाठिंबा होता. मात्र राहायला घर मिळेना. नाव बदलून पारशी खाणावळीत राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. कामाठी बागेत बसून त्यांनी काढलेले ते तास आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहेत. हा प्रसंग बाबासाहेबांनी ज्या आठवणींत लिहिला, त्यांना नाव मिळाले 'वेटिंग फॉर अ व्हिसा', म्हणजे व्हिसाच्या प्रतीक्षेत. परक्या मुलुखात शिरायला व्हिसा लागतो. आपल्या माणसाला तो स्वतःच्या देशात लागत होता.

बडोद्याच्या आधी, ९ मे १९१६ रोजी कोलंबियातल्या एका परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला होता. त्यात त्यांनी ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या एका विधानाचा आधार घेतला. त्याचा आशय असा : हिंदू माणूस जगात जिथे जाईल तिथे जात सोबत नेईल, आणि मग तो प्रश्न केवळ भारताचा राहणार नाही. त्या वेळी हे भाकीत होते. पुढच्या पन्नास वर्षांत ब्रिटनच्या औद्योगिक शहरांत ते खरे झाले.

पदवी खिशात, फावडे हातात

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला माणसे हवी होती. कारखाने, रेल्वे, बस, इस्पितळे सगळीकडे कामगारांची टंचाई होती. १९४८ च्या राष्ट्रीयत्व कायद्याने राष्ट्रकुलातल्या नागरिकांना ब्रिटनमध्ये येऊन राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क दिला. त्याच वर्षी जून महिन्यात 'एम्पायर विंडरश' जहाज कॅरिबियन बेटांवरचे कामगार घेऊन टिलबरी बंदराला लागले. पाठोपाठ पंजाबच्या दोआबातून, गुजरातेतून, पाकिस्तानच्या मीरपूरमधून माणसे आली. मीरपूरच्या हजारो कुटुंबांची जमीन मंगला धरणात गेली होती. धरणग्रस्ताला देश सोडावा लागतो, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

या माणसांना कोणते काम मिळाले? गोऱ्या कामगाराने नाकारलेले. बर्मिंगहॅम, वुल्व्हरहॅम्प्टनच्या ओतशाळांत भट्टीपुढचे काम. ब्रॅडफर्डच्या लोकर गिरण्यांत रात्रपाळी. साउथॉलच्या रबर कारखान्यात उग्र वासाचे, अंगमेहनतीचे काम. यांत शिकलेलेही होते. पंजाबातला पदवीधर शिक्षक ओतशाळेत वाळू उपसत होता, कारण त्याची पदवी मानली जात नव्हती आणि त्याचे इंग्रजी "आपल्यासारखे" नव्हते. १९६२ च्या कायद्याने परवाना पद्धत आणली. त्यात नोकरी आधीच ठरलेल्यांसाठी एक वर्ग आणि विशेष कौशल्य असलेल्यांसाठी दुसरा वर्ग होता. कौशल्याच्या परवान्यावर आलेल्या अनेक शिक्षकांना शाळेत जागा मिळालीच नाही आणि ते कारखान्यात गेले.

डॉक्टरांचे थोडे बरे होते, पण थोडेच. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा भारतीय उपखंडातल्या डॉक्टरांशिवाय चालली नसती. तरीही त्यांना प्रतिष्ठेच्या शाखा मिळत नसत. वृद्धांचे वॉर्ड, मनोरुग्णालये, खाणकामगारांच्या गावातले दवाखाने, शहरांतल्या गरीब वस्त्या, अशा जिथे गोरे डॉक्टर जायला नाखूश तिथे यांची रवानगी होई. गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. पदवी तीच आणि रुग्णही तेच असताना शाखा मात्र कातडीच्या रंगावरून ठरत होती.

ब्रिस्टलची बस आणि मुंबईचे साचाखाते

आता एक प्रसंग नीट पाहू, कारण तो आपल्या इतिहासाशी थेट जोडलेला आहे.

ब्रिस्टल शहरातल्या बस कंपनीत काळ्या आणि आशियाई माणसांना ड्रायव्हर-कंडक्टर म्हणून घेत नसत. गॅरेजमध्ये, कँटीनमध्ये, म्हणजे कमी पगाराच्या जागी ते चालत. १९६३ मध्ये गाय बेली या जमैकन तरुणाची मुलाखत पॉल स्टीफन्सन या कार्यकर्त्याने फोनवरून ठरवून दिली. उमेदवार काळा आहे हे कळताच मुलाखत रद्द झाली. ३० एप्रिलपासून बसवर बहिष्कार सुरू झाला. विद्यार्थ्यांनी मोर्चे काढले, लोक पायी आणि सायकलने गेले. शेवटी २८ ऑगस्ट १९६३ रोजी कंपनीने बंदी उठवल्याचे जाहीर केले. योगायोग बघा, त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्युथर किंग यांचा प्रचंड मोर्चा निघाला होता. सप्टेंबरमध्ये त्या बसवर पहिला गौरेतर कंडक्टर रुजू झाला, तो रघबीर सिंग नावाचा शीख होता. लढा कॅरिबियन तरुणांनी उभा केला आणि त्यातून उघडलेल्या दारातून आधी एक भारतीय आत गेला. परदेशस्थ भारतीयांनी हे ऋण कधी विसरू नये.

या प्रसंगातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ही बंदी एकट्या कंपनीची नव्हती. १९५५ मध्ये तिथल्या युनियनच्या शाखेनेच रंगीत माणसांना बसवर घेऊ नये असा ठराव केला होता. पगार कमी होता, घर ओव्हरटाइमवर चालत होते आणि नवे कामगार आले तर ओव्हरटाइम जाईल अशी भीती होती. कामगारांचा हक्क सांगणारी संघटनाच दुसऱ्या कामगाराच्या पोटावर पाय देत होती. विचारले की कंपनी युनियनकडे बोट दाखवी आणि युनियन कंपनीकडे.

हे आपण कुठे पाहिले आहे? मुंबईत. कोकणातून आणि देशावरून पोटासाठी आलेला आपला माणूस गिरणीत लागला. मात्र तो रिंग खात्यासारख्या कमी पगाराच्या ठिकाणीच. विणकामाच्या खात्यात, म्हणजे साचाखात्यात, पगार चांगला होता, पण तिथे अस्पृश्याला मज्जाव होता. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घातल्यावर धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो आणि त्याने बाट होतो! लाल बावट्याखाली एक झालेले सवर्ण कामगार धोट्यापाशी येऊन वेगळे होत. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी युनियनच्या पुढाऱ्यांना सांगितले की सर्व खात्यांत काम करण्याचा आमचा हक्क मागण्यांमध्ये घ्या, नाहीतर आमच्या माणसांना संपात येऊ नका असे सांगावे लागेल. पुढाऱ्यांनी नाइलाजाने ती मागणी घेतली. मालकांनी हात वर केले : हा अन्याय असेल, पण तो आम्ही केलेला नाही! आणि खरोखरच तो कामगारांनीच केलेला होता.

१९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी हाच धागा पुढे नेला. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. साधा पोर्टरही होऊ शकत नाही, कारण स्टेशनमास्तर पोर्टरला घरकामालाही वापरतो आणि त्याला घरात अस्पृश्य चालत नाही. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांनी तिथे ठणकावून सांगितले. ब्रिटनमधल्या स्थलांतरितांचा इतिहास वाचताना मला हे भाषण पुन्हा पुन्हा आठवते. मालक आणि रंगभेदी सहकारी, या दोघांशीही त्यांना लढावे लागले.

नोकरी मिळाली, बढती नाही

काम मिळाले म्हणजे प्रश्न संपला असे झाले नाही. १९६५ मध्ये प्रेस्टनच्या कोर्टोल्ड्स गिरणीत आशियाई आणि कॅरिबियन कामगारांनी संप केला. जवळजवळ फक्त त्यांचीच माणसे असलेल्या खात्यात कामाचा बोजा वाढवला होता, आणि युनियनने त्याला परस्पर संमती दिली होती. १९७२ मध्ये लफबरोच्या मॅन्सफिल्ड होजियरी मिलमध्ये आशियाई कामगार संपावर गेले. जास्त पगाराचे विणकऱ्याचे काम गोऱ्यांसाठी राखीव होते आणि वर्षानुवर्षे राबलेल्या आशियाई माणसाला तिथे बढती मिळत नव्हती. पुन्हा विणकामच! लफबरोत धागा बाटत नव्हता, तरी चांगला पगार कोणाच्या हाती जावा हे माणसाच्या जन्मावरूनच ठरत होते.

त्याच वर्षी इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावले. सुमारे २८,००० माणसे ब्रिटनला आली. लेस्टर शहराच्या नगरपालिकेने तर युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरातच दिली की आमच्या शहरात येऊ नका, जागा नाही. लोक तरीही आले. १९७४ मध्ये त्याच लेस्टरमध्ये इम्पीरियल टाइपरायटर्सच्या आशियाई कामगारांनी बोनसमधल्या फसवणुकीविरुद्ध संप पुकारला, तेव्हा त्यांच्या युनियनने त्यांना साथ दिली नाही.

मग आला ग्रनविकचा लढा. उत्तर-पश्चिम लंडनमध्ये फोटो धुण्याच्या कारखान्यात प्रामुख्याने पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती बायका काम करत. सक्तीचा ओव्हरटाइम आणि अपमान यांविरुद्ध ऑगस्ट १९७६ मध्ये जयाबेन देसाई कारखान्याबाहेर पडल्या. छोट्या चणीच्या, साडी नेसलेल्या या बाईने दोन वर्षे संप चालवला. या वेळी चित्र बदलले होते. टपाल कामगारांनी कंपनीची टपाले अडवली. जुलै १९७७ मध्ये हजारो गोरे कामगार, खाणकामगारांसह, दाराशी जमले. १९६८ मध्ये स्थलांतरितांविरुद्ध विष ओकणाऱ्या इनॉक पॉवेलच्या समर्थनार्थ ज्या लंडनच्या गोदी कामगारांनी मोर्चा काढला होता, त्याच गोदीतल्या कामगारांचा फलक नऊ वर्षांनी ग्रनविकच्या दाराशी होता. जुलै १९७८ मध्ये संप हरला आणि बायकांना कामावर परत घेतले नाही. तरी ब्रिटनच्या कामगार चळवळीला स्थलांतरित कामगार आपला वाटू लागला तो इथून.

कायदा दयेने येत नाही

ब्रिटनमध्ये वंशभेदाविरुद्ध पहिला कायदा १९६५ मध्ये झाला. तो फक्त सार्वजनिक ठिकाणांपुरता होता. नोकरी आणि घर, म्हणजे जिथे खरी नाडी दाबली जाते ते, बाहेरच ठेवले होते. सरकारचे म्हणणे असे की भेदभाव आहे याला पुरावा काय? म्हणून १९६६-६७ मध्ये एका संशोधन संस्थेने साधा प्रयोग केला. एकाच नोकरीसाठी, सारख्याच पात्रतेचे तीन उमेदवार पाठवले : एक इंग्रज, एक हंगेरीहून आलेला गोरा स्थलांतरित आणि एक कॅरिबियन. नकाराचे ढीग कोणाच्या वाट्याला आले हे सांगायला नको. हंगेरियन माणूसही परकाच होता, त्याचेही उच्चार वेगळे होते. तरीही त्याला दार जास्त उघडे होते. भाषा, अनुभव, नवखेपणा ही सबबच होती, असे या प्रयोगाने दाखवून दिले. १९६८ च्या कायद्यात नोकरी आणि घर आले. १९७६ च्या कायद्याने अप्रत्यक्ष भेदभावही गुन्ह्याच्या कक्षेत नसला तरी बेकायदेशीर ठरवला आणि कामगाराला न्यायाधिकरणाकडे थेट दाद मागायची सोय दिली.

ब्रिस्टल, प्रेस्टन, लफबरो, लेस्टर यांच्याशिवाय हे झाले नसते. लोक रस्त्यावर आले, संशोधकांनी पुरावे गोळा केले, आणि मगच संसदेला जाग आली.

दुसरे दार : ओळख

इथपर्यंतचा इतिहास परदेशस्थ भारतीय अभिमानाने सांगतात, आणि सांगावाच. यापुढचा भाग मात्र ते गाळतात.

रंगाची बंदी असताना स्थलांतरिताला काम कसे मिळत होते? ओळखीने. आधी आलेला नातेवाईक, गावकरी, गुरुद्वारातला परिचित फोरमनकडे शब्द टाकत असे. ओतशाळांमध्ये तर मध्यस्थांची साखळीच होती. काही ठिकाणी नोकरीसाठी मध्यस्थाला पैसे मोजावे लागत. मुंबईच्या गिरणीतला जॉबर आठवा. आपल्या गावचे, आपल्या जातीचे लोक भरणारा, हप्ता घेणारा. तोच जॉबर मिडलँड्समध्ये वेगळ्या कपड्यांत उभा होता.

ओळखीने नोकरी मिळणे यात गैर काय, असे कोणी म्हणेल. परक्या देशात माणूस आपल्या माणसालाच धरणार. खरे आहे. पण "आपला माणूस" म्हणजे कोण, हे भारतीय समाजात कोण ठरवते? जात ठरवते. दोआबातून आलेल्यांमध्ये जमीनदार जाट शीख होते तसेच चर्मकार आणि वाल्मीकी समाजाचे लोकही होते. एकाच भट्टीपुढे ते घाम गाळत होते, पण घर, लग्न, गुरुद्वारा आणि ओळख यांच्या वाटा वेगळ्या राहिल्या. म्हणून तर बर्मिंगहॅम, वुल्व्हरहॅम्प्टन, बेडफर्ड इथे रविदास सभा उभ्या राहिल्या, वाल्मीकी मंदिरे झाली, आंबेडकरी आणि बौद्ध संघटना स्थापन झाल्या. जिथे बरोबरीने बसता येईल अशी जागा लोकांनी स्वतः बांधली. नव्याने आलेल्या माणसाला पहिली रात्र काढायला गादी आणि दुसऱ्या दिवशी कामाची खबर अशाच ठिकाणी मिळते.

या परंपरेचा एक धागा आणखी मागे जातो. होशियारपूर जिल्ह्यातल्या मुगोवालचे मंगूराम चामड्याचा धंदा करणाऱ्या घरात जन्मले आणि १९०९ मध्ये अमेरिकेला गेले. कॅलिफोर्नियात शेतमजूर म्हणून राबले, गदर चळवळीत सामील झाले. तिथे गावातल्यासारखी वागणूक नव्हती. १९२५ मध्ये परतल्यावर त्यांना पंजाब जसाच्या तसा दिसला. १९२६ मध्ये त्यांनी आद धर्म चळवळ उभी केली. १९३१ च्या जनगणनेत पंजाबात ४ लाख १८ हजारांहून अधिक लोकांनी आपला धर्म 'आद धर्मी' लिहवला. म्हणून मी परदेशाला सरसकट नावे ठेवत नाही. परदेशाने मंगूरामांना श्वास घ्यायला जागा दिली, बाबासाहेबांना ग्रंथालय दिले. प्रश्न एवढाच आहे की तिथेही आपल्या लोकांच्या ओळखीची साखळी कोणाच्या हातात आहे.

रंगभेदाला विरोध, जातीला संरक्षण?

२०१० मध्ये ब्रिटनमध्ये समता कायदा झाला. जातीचा त्यात समावेश करण्याचा अधिकार सरकारला दिला गेला. त्याच वर्षी सरकारनेच करवून घेतलेल्या अभ्यासात नोकरी आणि सेवांमध्ये जातीय भेदभाव होत असल्याचे पुरावे पुढे आले. आंबेडकरी, रविदासी, वाल्मीकी संघटनांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. लॉर्ड्स सभेने जोर लावल्यावर २०१३ मध्ये संसदेने सरकारवर ती तरतूद करण्याचे बंधनच घातले. मग काय झाले? काही हिंदू संघटनांनी कडाडून विरोध केला. "इथे जात नाहीच", "कायदा केला तर जात येईल", "आमच्या समाजाची बदनामी होईल". २०१७ मध्ये सरकारने लोकांची मते मागवली आणि जुलै २०१८ मध्ये जाहीर केले की वेगळी तरतूद करणार नाही, न्यायालयांचे निकाल पुरेसे आहेत.

ज्या निकालाकडे सरकारने बोट दाखवले तो तिर्की विरुद्ध चंढोक. बिहारमधून ब्रिटनला नेलेली एक आदिवासी ख्रिस्ती घरकामगार एका भारतीय कुटुंबात साडेचार वर्षे राबली. मजुरी तासाला ११ पेन्स इतकी कमी. २०१४ मध्ये अपील न्यायाधिकरणाने म्हटले की जात ही 'वांशिक मूळ' या संज्ञेत येऊ शकते. २०१५ मध्ये तिला सुमारे १ लाख ८३ हजार पौंड थकीत वेतन मंजूर झाले. "येऊ शकते" यावर आपल्या समाजाने विसंबायचे? रंगाबद्दल कायद्यात स्पष्ट शब्द आहे, जातीबद्दल प्रत्येक पीडिताने आधी न्यायालयात शब्दाचा अर्थ सिद्ध करायचा!

हा दुटप्पीपणा उघड बोलला पाहिजे. गोऱ्या माणसाने अर्ज फेकला तर तो वंशभेद, आणि आपल्याच माणसाने आडनाव ऐकून शिफारस मागे घेतली तर ती "खासगी बाब"?  अमेरिकेत सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीभेदावर बंदी घातली. कॅलिफोर्निया विधिमंडळाने तसेच विधेयक मंजूर केले, पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरने ते रोखले. लढाई चालू आहे.

जाणाऱ्या मुलामुलींसाठी

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून दरवर्षी आपली मुले-मुली बाहेर जातात. कर्ज काढून जाणारे वेगळेच. तिथले दार आता आणखी अरुंद झाले आहे. एप्रिल २०२४ मध्ये ब्रिटनने कुशल कामगार व्हिसासाठीची सर्वसाधारण वार्षिक पगाराची अट २६,२०० पौंडांवरून ३८,७०० पौंडांवर नेली, जुलै २०२५ मध्ये ती ४१,७०० झाली. नव्या पदवीधरांना थोडी सवलत आहे, पण कंपनीने प्रायोजक व्हावे लागतेच. कायद्याचा कस असा लागला की ओळखीची किंमत वाढते, आणि ओळख वाढली की जातीची किंमत वाढते. म्हणून जायच्या आधी तिथल्या आंबेडकरी संघटनांशी संपर्क करा. पोचल्यावर युनियनचे सभासद व्हा, तिथला समता कायदा वाचा. भेदभाव झाला तर तारीख, वेळ, संदेश जपून ठेवा. पुरावा नाही म्हणून १९६५ चा कायदा अर्धा राहिला होता. आणि जे तिथे स्थिरावले आहेत त्यांनी मागून येणाऱ्या एकासाठी तरी शब्द टाकावा. साखळी आपलीही हवी, मात्र जात विचारणारी नको.

एक गोष्ट घरची. आमच्या वस्तीजवळ मजूर नाका आहे. सकाळी सातला तिथे मराठवाड्यातले, बिहारचे, झारखंडचे लोक उभे असतात. मागच्या वर्षी आपल्याच काही पोरांनी बिहारी मजुरांना हाकलायची भाषा केली, की हे मजुरी पाडतात. मी त्यांना ब्रिस्टलची गोष्ट सांगितली. मजुरी मुकादम पाडतो. त्याला सोडून शेजारच्या उपाशी माणसाला धरले तर आपण त्या १९५५ च्या ठरावावर सही करतो. ज्यांच्या आजोबांना साचाखात्यात येऊ दिले नाही, त्यांनी दुसऱ्याला नाक्यावर उभे राहू न देणे शोभत नाही. दोघे तरुण गप्प बसले, एक जण रागावून निघून गेला. बोलणे चालू आहे.

इंग्लंडमधल्या त्या मुलाला पुढे एका आंबेडकरी कुटुंबाच्या ओळखीने खोली मिळाली आणि सहा महिन्यांनी नोकरीही. परवा त्याचा फोन आला होता. नांदेडहून एक मुलगी तिथे शिकायला येते आहे, तिला घ्यायला तो विमानतळावर जाणार आहे. फोटो अजून भिंतीवर आहे, हे त्याने न विचारता सांगितले.

जय भीम! नमो बुद्धाय!